अकरा मिनिटांसाठी बारा आठवडे : बॉक्सरचा सराव कसा आखावा

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'मोहल्ल्यात बॉक्सिंग क्लब कसा चालवावा'. मी तो थोडा आवळून घेतो. जागा कुठली, वर्गणी किती, उद्घाटनाला कोणाला बोलवायचं, यावर बोलणारे तुमच्याकडे पुष्कळ आहेत. क्लबात आलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाकडून किंवा मुलीकडून रोज नेमकं काय करून घ्यायचं, यावर मात्र कोणी बोलत नाही. आज तेवढंच बोलू.

बहुतेक ठिकाणी काय चालतं ते सांगतो. मुलगा पहिल्या दिवशी येतो, त्याला कोणाचे तरी घामट ग्लोव्हज मिळतात. दोन दिवस तो बॅगेवर हात आपटतो. तिसऱ्या दिवशी त्याला जुन्या पोरासमोर उभं करतात, 'बघू दम आहे का'. दहातली सात पोरं महिन्याभरात गायब होतात. उरलेल्या तिघांना आपण 'कडक' म्हणतो आणि समजतो की आपण बॉक्सर घडवले. खरं तर आपण फक्त चाळणी लावली. जे चाळणीतून खाली गेले त्यांच्यात एखादा फार चांगला असू शकला असता, ते आता कधीच कळणार नाही.

आपल्या मराठीत आखाड्याला तालीम म्हणतात आणि तिथं शिकवणाऱ्याला वस्ताद. तालीम हा मूळ अरबी शब्द, अर्थ शिक्षण. वस्ताद म्हणजे आपला उस्तादच. कुस्तीवाल्यांनी हे दोन्ही शब्द जपले, आपण बॉक्सिंगवाल्यांनी 'जिम' घेतलं आणि शिकवणं विसरलो. असो.

सराव आखायचा तर सुरुवात लढतीपासून करायची. हौशी बॉक्सिंगमध्ये मोठ्यांची आणि युवा गटाची लढत तीन फेऱ्यांची असते. प्रत्येक फेरी तीन मिनिटांची, मध्ये एक-एक मिनिट विश्रांती. म्हणजे घंटेपासून घंटेपर्यंत अकरा मिनिटं. ज्युनिअर गटाच्या, म्हणजे १५-१६ वर्षांच्या मुलांच्या फेऱ्या दोन मिनिटांच्या. आपल्या सगळ्या मेहनतीचा हिशेब या अकरा मिनिटांत लागतो. तेव्हा विचारायचं, ही अकरा मिनिटं शरीराकडे काय मागतात?

पहिली मागणी दमाची. ठोसे स्फोटासारखे, दोन-तीन सेकंदांचे. पण त्या स्फोटांच्या मधल्या वेळात हलत राहायचं, श्वास जमवायचा, परत स्फोट करायचा. ही परतफेड ऑक्सिजनवर चालते. म्हणून जुने लोक पहाटे पळायला लावायचे ते काही खोटं नव्हतं. चूक एवढीच की पोरं वर्षानुवर्षं एकाच संथ गतीनं आठ-दहा किलोमीटर पळतात. लढतीत तशी गती कुठंच नसते. सुरुवातीचे तीन-चार आठवडे संथ पळा, अर्धा तास, बोलता येईल इतक्या वेगानं. पाया तिथं बनतो. नंतर आठवड्यातले दोन दिवस पळणं लढतीसारखं तोडा : तीन मिनिटं जोरात, एक मिनिट चालत, असं चार ते सहा वेळा. शेवटच्या आठवड्यांत त्यात दहा-दहा सेकंदांच्या झेपा घाला. घड्याळ नसेल तर मोबाइल आहेच सगळ्यांकडे. तेवढ्यापुरता तो खिशातून काढा.

प्रगती मोजायची सोपी खूण म्हणजे ते एक मिनिट. फेरी संपली की लगेच पंधरा सेकंद नाडी मोजा, मिनिटभरानं परत मोजा. दोन आकड्यांतला फरक आठवड्यागणिक वाढत असेल, तर मुलगा तयार होतोय. कितीदा हा आकडा मला त्या मुलाच्या चेहऱ्यापेक्षा खरं सांगतो. पोरं चेहऱ्यावर दम दाखवत नाहीत, तशी त्यांना सवय लावलेली असते.

दुसरी मागणी पायांची. सोव्हिएत संघात फिलिमोनोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात सरळ ठोशाचं मोजमाप केलं होतं. ठोशाच्या जोरात पायांच्या रेट्याचा वाटा किती, कमरेच्या वळणाचा किती, हाताचा किती. वरच्या दर्जाच्या बॉक्सरमध्ये पायांचा वाटा सुमारे ३८ टक्के निघाला, हाताचा सुमारे २४. नवशिक्या मुलांत हे चित्र उलटं : हाताचा सुमारे ३८ टक्के, पायांचा जेमतेम १६-१७. म्हणजे नवा मुलगा हातानं मारतो, तयार बॉक्सर जमिनीनं मारतो. हे समजलं की पहिल्या महिन्याचा कार्यक्रम आपोआप ठरतो. बॅग नको, ग्लोव्हज नकोत. उभं राहणं, सरकणं, पाय न अडकवता वळणं, मागच्या टाचेतून कमरेत आणि कमरेतून खांद्यात जोर आणणं. फरशीवर खडूनं चौकोन काढायचा, त्यात पुढे-मागे-बाजूला. पोरं कंटाळतात. कंटाळू द्या. दोरीवरच्या उड्यांत त्यांच्यात स्पर्धा लावा, एकमेकांच्या खांद्याला नुसता हात लावायचा खेळ लावा. त्यात अंतराचा अंदाज जितका येतो तितका बॅगेवर सहा महिन्यांत येत नाही, कारण बॅग मागे सरकत नाही आणि उलटून मारत नाही.

ताकदीबद्दल थोडक्यात. वजनं उचलायची सोय नसेल तर अडून बसू नका. जोर, बैठका, बारवर लटकून शरीर वर खेचणं, एका पायावरची बैठक, जड चेंडू भिंतीवर फेकणं, आठवड्यातून दोन दिवस पुरे. दोन गोष्टी मात्र लोक वगळतात. एक मान. रोज पाच मिनिटं, हाताचा विरोध देऊन चारी बाजूंनी. दुसरी खांद्याच्या मागचे छोटे स्नायू, साध्या रबरी पट्ट्यानं. निखत झरीनला २०१७ मध्ये खांद्याची दुखापत झाली, शस्त्रक्रिया झाली, जवळजवळ वर्षभर ती बाहेर होती. ती परत आली आणि २०२२ मध्ये इस्तंबूलला जगज्जेती झाली. तुमच्या गल्लीतल्या मुलीला परत आणायला तेवढे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट मिळणार नाहीत. त्यामुळे तिचा खांदा आधीच सांभाळायचा.

आता बारा आठवडे. समजा जिल्हा किंवा राज्य स्पर्धा तीन महिन्यांवर आहे आणि मुलाची आधीची सहा-आठ महिन्यांची पायाभरणी झालेली आहे. नसेल, तर त्याला या स्पर्धेला नेऊच नका, पुढची येईल. पहिले चार आठवडे पाया : संथ पळणं, ताकद, तंत्र. मधले चार आठवडे ते सगळं लढतीच्या वेगावर आणायचं. नवव्या आणि दहाव्या आठवड्यात लढतीसारखी लढत. शेवटचे दोन आठवडे काम कमी करत आणायचं : वेळ निम्म्यावर, पण वेग तोच. ही शेवटची गोष्ट पचायला सगळ्यात अवघड. स्पर्धा तोंडावर आली की पोरगं घाबरतं, त्याचे अब्बा घाबरतात, कोचही घाबरतो, आणि मग तिघं मिळून नेमकं त्याच आठवड्यात दुप्पट मेहनत करतात. शेवटच्या आठवड्यात कोणी दमदार होत नाही, फक्त थकतो. दर चौथा आठवडाही हलकाच ठेवा, एक तृतीयांश काम कमी. शरीर मेहनत करताना वाढत नाही. मेहनतीनंतर झोपेत वाढतं.

मधल्या टप्प्यातला एक आठवडा सांगतो, माझ्याकडे चालतो तसा. सोमवारी तंत्र आणि पॅडवरचं काम, सव्वा तास. मंगळवारी पहाटे तीन-तीन मिनिटांचं पळणं, संध्याकाळी ताकद. बुधवारी अटी घातलेली स्पारिंग. त्याबद्दल पुढे बोलतो. गुरुवारी अगदी हलकं, चाळीस मिनिटं, आरशासमोर शॅडो. शुक्रवारी सुट्टी. जुम्माही असतो, घरचं कामही असतं, आणि पोरांनी एक दिवस मोहल्ल्यात पोरांसारखं फिरावं असं मला वाटतं. शनिवारी मोकळी स्पारिंग, तीनच फेऱ्या. रविवारी पायांचे खेळ आणि शनिवारचा मोबाइलवरचा व्हिडिओ सगळ्यांनी मिळून बघणं.

यासाठी एक वही ठेवा. सराव संपल्यावर अर्ध्या तासानं मुलाला विचारायचं, आजची मेहनत दहापैकी किती वाटली? तो आकडा गुणिले मिनिटं. सोमवारी पंच्याहत्तर मिनिटं, मेहनत सहा, झाले ४५०. असं आठवड्याचं जमवलं की वर सांगितलेला आठवडा साधारण २२०० च्या आसपास जातो. पुढच्या आठवड्यात २४०० ठीक. एकदम ३२०० झाले की गुडघा, मनगट किंवा ताप, यांपैकी काहीतरी येणार हे धरून चाला. ही पद्धत अमेरिकेतल्या कार्ल फॉस्टर या शास्त्रज्ञांनी रुजवली, जगभर वापरतात आणि खर्च एका वहीचा. वहीत आणखी दोन रकाने करा : किती तास झोपला, आणि आज यावंसं वाटत होतं का. आपल्या पोरांपैकी कोणी गॅरेजवर जातो, कोणी चिकनच्या दुकानात उभा असतो, कोणी डिलिव्हरी करतो. दहा तास उभं राहून आलेल्या पोराचं सहा आणि कॉलेजातून आलेल्या पोराचं सहा एक नसतं. हा फरक इंटरनेटवरून उतरवलेल्या तक्त्यात येत नाही, वहीत येतो.

आता स्पारिंग. यावर मी जास्त वेळ घेणार आहे.

इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरी किंवा मोबाइलमध्ये मोहम्मद अलींचा फोटो असेल. बारा वर्षांचे असताना लुइव्हिलमध्ये त्यांची सायकल चोरीला गेली, तक्रार ऐकणारा पोलीस जो मार्टिन हाच बॉक्सिंग शिकवणारा निघाला, ही गोष्ट तुम्हाला माहीत आहे. १९७४ मध्ये किन्शासात दोरांना टेकून फोरमनचे ठोसे अंगावर घेतले आणि आठव्या फेरीत त्याला पाडलं, तेही माहीत आहे. कमी सांगितली जाते ती गोष्ट अशी, की कारकिर्दीच्या उत्तरार्धात अली सरावातही असेच ठोसे घेत. जोडीदारांना मोकळं सोडायचं आणि मार सोसायची सवय करायची. त्यांचे डॉक्टर फर्डी पाचेको १९७७ मध्ये अर्नी शेव्हर्सशी झालेल्या लढतीनंतर त्यांना सोडून गेले, कारण लढणं थांबवा हे त्यांचं कोणी ऐकेना. १९८० मध्ये लॅरी होम्ससमोर अली उभे राहिले तेव्हा बघवत नव्हतं. होम्स म्हणजे पूर्वी त्यांच्याच सरावातला जोडीदार. १९८४ मध्ये पार्किन्सनचं निदान झालं. त्या आजारात ठोशांचा वाटा नेमका किती हा वाद डॉक्टर करोत. डोक्यावर वारंवार बसणारा मार मेंदूला घातक आहे, याबद्दल वाद नाही. अलींचा पवित्रा आणि त्यांचे पाय जरूर शिका. सराव मात्र त्यांच्या उत्तरार्धासारखा करू नका.

मेंदूला ठोसा लढतीतला की सरावातला हे कळत नाही. हौशी बॉक्सर वर्षाला दहा-पंधरा लढती खेळतो. पण आठवड्यातून चार दिवस जोरदार स्पारिंग करत असेल तर सरावातच शेकडो फेऱ्यांचा मार खातो. म्हणून माझ्या मते चांगल्या कार्यक्रमाची पहिली कसोटी ही की त्यात डोक्यावर कमीत कमी ठोसे बसतात. पदकं नंतर मोजू.

माझे नियम असे. पहिले तीन महिने डोक्यावर ठोसा नाही, कोणाच्याही. मग अटींची स्पारिंग : एकानं फक्त जॅब मारायचा, दुसऱ्यानं फक्त चुकवायचा. किंवा दोघांनी फक्त पोटावर. किंवा एकजण कोपऱ्यात आणि त्याला फक्त पायांनी बाहेर पडायचं आहे. यात शिकणं जास्त आणि मार नगण्य. मोकळी स्पारिंग आठवड्यातून एकदा, मोठे सोळा औंसांचे ग्लोव्हज, दातांना माऊथगार्ड, वजनात आणि अनुभवात बरोबरीचा जोडीदार. आणि कोचनं बाहेर उभं राहून बघायचं, फोनवर बोलत नाही. एकजण फक्त मार खातोय असं दिसलं की फेरी तिथंच संपली. त्यात कोणाची इज्जत जात नाही. जात असेल तर तुमच्या क्लबात इज्जतीचा अर्थ चुकलाय.

हेडगार्ड घातलाय ना, मग काय, असं पुष्कळ जण म्हणतात. हेडगार्ड कापण्यापासून आणि खरचटण्यापासून वाचवतो. कवटीच्या आत मेंदू हलतो तो त्यानं थांबत नाही. मोठ्या पुरुषांच्या स्पर्धांतून तो २०१३ मध्ये काढूनच टाकला, रिओ ऑलिम्पिकमध्ये ते विनाहेडगार्ड खेळले. सरावात घाला, पण त्याच्या भरवशावर जोर वाढवू नका.

ठोशानंतर मुलगा गोंधळलेला वाटला, तोच प्रश्न दोनदा विचारला, डोकं दुखतंय म्हणाला, उजेड सहन होईना, मळमळलं, तर त्या दिवसाचा सराव संपला. 'पाणी पी, चल' हे शब्द क्लबात बोलायचेच नाहीत. त्याला एकट्याला बाइकवर घरी पाठवायचं नाही. घरच्यांना फोन करून सांगायचं, लपवायचं नाही. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती गुंगी, झटके, एक बाहुली मोठी, यांपैकी काही दिसलं तर थेट हॉस्पिटल, रिक्षा मिळेल ती. आंतरराष्ट्रीय नियमांत डोक्यावरच्या मारानं लढत थांबली तर किमान ३० दिवस लढत नाही आणि स्पारिंगही नाही, असं आहे. तीन महिन्यांत दोनदा झालं तर तीन महिने, वर्षात तीनदा झालं तर वर्षभर. हा नियम स्पर्धेसाठी आहे, पण सरावात तसं झालं तरी तोच लावा. पहिली इजा भरून न येता दुसरा मार बसला तर मेंदूला जीवघेणी सूज येऊ शकते, आणि त्याचा धोका कोवळ्या वयात जास्त.

हा मुद्दा आपल्या घरांत आणखी एका वाटेनं येतो. तुमच्यातल्या काहींना वडीलधाऱ्यांनी किंवा मौलानांनी सांगितलं असेल की चेहऱ्यावर मारण्याची मनाई आहे, हा खेळ नको. काही उलमांचं मत तसं आहेच. मी आलिम नाही, त्यावर निवाडा देणार नाही. पण कोचांना सांगतो, या आक्षेपाला हसून उडवू नका. 'पोराच्या डोक्याला काही झालं तर?' ही त्यामागची काळजी अम्मीचीही असते, आणि ती बरोबर आहे. तिला क्लबात बोलवा, बसवा, एक पूर्ण सराव दाखवा. तुमची योजना तिच्यासमोर मांडता येत नसेल, तर ती योजना नीट नाही. आणि ज्या मुलाला लढायचंच नाही, त्याला दोरी, पाय, बॅग आणि पॅड एवढ्यावर वर्षानुवर्षं येऊ द्या. त्याचं बॉक्सिंग दुय्यम नाही.

आता वजन. हौशी स्पर्धेत ज्या दिवशी लढत, त्या दिवशी सकाळी वजन. एकदा काट्यावरून सुटलात आणि मग भरपेट जेवलात, असं चालत नाही, दुसऱ्या लढतीच्या दिवशी परत काटा आहे. पॅरिसमध्ये विनेश फोगटचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. कुस्तीतली गोष्ट, पण काटा तोच : अंतिम फेरीच्या सकाळी १०० ग्रॅम. निखत ५२ किलोत जगज्जेती झाली, पण पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५२ चा गटच नव्हता, ५० होता. तिला तिथं उतरावं लागलं. त्या पातळीवर हे आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, महिनोन् महिने चालतं, आणि तरीही अवघड जातं. आपल्याकडे जिल्हा स्पर्धेच्या आदल्या रात्री पंधरा वर्षांचं पोरगं प्लास्टिकचं जाकीट घालून गच्चीवर पळत असतं, दिवसभर पाणी नाही, तोंडात चघळून थुंकायचं. कशासाठी? तर खालच्या गटात पदक सोपं.

वाढत्या वयाच्या मुलाचं वजन उतरवायचं नाही, हा माझा ठाम नियम. तो ज्या वजनाचा आहे त्या गटात खेळेल. पुढच्या वर्षी वरच्या गटात जाईल, जाऊ दे, त्याची हाडं वाढताहेत. साठ किलोच्या माणसाचं सव्वा किलो पाणी कमी झालं की शरीराचं दोन टक्के वजन गेलं, तिथून दम आणि लक्ष दोन्ही घसरायला लागतात. कोरड्या शरीरानं रिंगमध्ये जायचं आणि डोक्यावर ठोसे घ्यायचे, यात शहाणपण काय ते मला अजून कोणी समजावलेलं नाही. मोठ्यांना किलो-दीड किलो उतरवायचं असेल तर सहा-आठ आठवडे आधीपासून, ताटातून : तळलेलं, साखरेचा चहा, थंड पेयं कमी. भाकरी, डाळ, अंडी, दही, मासे, चिकन चालू.

याला लागूनच रमजान. सध्याची वर्षं तो फेब्रुवारी-मार्चच्या आसपास येतो आणि दरवर्षी साधारण अकरा दिवस आधी सरकतो. म्हणजे पुढची काही वर्षं बोर्डाच्या परीक्षांचा मोसम आणि रोजे हातात हात घालून. आपल्याकडे या दिवसांत रोजा साधारण तेरा तासांचा. कोच मंडळी दोन टोकांना जातात : एकतर महिनाभर क्लबला कुलूप, नाहीतर रोज्यातही जुनंच वेळापत्रक. दोन्हींची गरज नाही. ट्युनिशियाच्या ज्युदो खेळाडूंवर झालेल्या अभ्यासात रमजानमध्येही त्यांची कामगिरी मोठ्या प्रमाणात टिकून राहिली, थकवा मात्र जास्त जाणवला. माझाही अनुभव असा, की उपाशी राहण्यानं जेवढं बिघडतं त्याहून जास्त तुटलेल्या झोपेनं बिघडतं.

आम्ही असं करतो. महिना 'टिकवण्याचा' धरायचा, वाढवण्याचा नाही. वहीतला आठवड्याचा आकडा नेहमीच्या साठ-सत्तर टक्के. तीन दिवस इफ्तारच्या आधी चाळीस मिनिटं, फक्त तंत्र आणि पाय, घाम फार नाही, कारण संपताच पाणी मिळणार असतं. दोन दिवस तरावीहनंतर अर्धा-पाऊण तास जोराचं काम. रोज्याच्या कोरड्या तासांत स्पारिंग अजिबात नाही. इफ्तारला खजूर, पाणी, फळं, आणि भजी-समोसे दोनच (इथं हसू आलं तरी चालेल, पण दोनच). इफ्तार ते सहरी पाणी थोडं थोडं पीत राहायचं, सहरीला एकदम लिटरभर ढोसून काही होत नाही. सहरी चुकवायची नाही : अंडी, दही, भाकरी किंवा दलिया. दुपारी जुहरनंतर अर्धा तास झोप, जमेल त्यानं. आणि रमजानचा वापर वजन उतरवायला करायचा नाही. ईदनंतर एक आठवडा हळू चढायचं, शीरखुर्मा उतरेपर्यंत.

स्पर्धा रोज्यात आली तर काय? ते मुलानं घरच्यांशी, आलिमांशी बोलून ठरवावं. कोचनं दोन्ही बाजूंनी दबाव आणू नये. कोचचं काम एवढंच की स्पर्धांचं कॅलेंडर आणि चांद दोन्ही सहा महिने आधी समोर ठेवून योजना आखणं. तसं केलं की बहुतेक वेळा प्रश्नच उभा राहत नाही.

मुलींबद्दल वेगळा भाग करणार नव्हतो, कारण वरचं सगळं त्यांनाही लागू आहे. पण दोन-तीन गोष्टी बोलाव्याच लागतात. नांदेडपासून फार लांब नाही ते निजामाबाद. तिथल्या शमशामुद्दीन यांच्या हाताखाली निखतची सुरुवात झाली, आणि त्यांचा मुलगा हुसामुद्दीन यानंही २०२३ मध्ये जागतिक स्पर्धेत पदक आणलं. आपल्या नागपूरच्या अल्फिया पठाणनं २०२१ मध्ये पोलंडमध्ये युवा गटाचं जागतिक सुवर्ण जिंकलं, पुढच्या वर्षी अम्मानला आशियाई. तेव्हा 'आपल्यात मुली कुठं' हे वाक्य संपलं. अडचण असते ती साधी : वेळ आणि वाट. अंधार पडण्याआधीची वेळ द्या, दोघी-तिघींनी मिळून यावं, कपडे बदलायला कडी लागणारी खोली असावी, पॅड धरायला एखादी मोठी मुलगी तयार करावी. हिजाब आणि अंगभर कपड्यांना आंतरराष्ट्रीय महासंघानं २०१९ मध्येच परवानगी दिली. तेव्हा ज्यांना ते घालून खेळायचंय त्यांना घालू द्या, ज्यांना नाही त्यांना विचारू नका. पाळीच्या दिवसांची नोंद मुलीनं स्वतःच्या वहीत ठेवावी. पाळी बंदच झाली, महिनोन् महिने, तर ते 'फिट' झाल्याचं लक्षण नाही, खाणं कमी पडतंय. डॉक्टरकडे न्या.

सामानावर शेवटी येतो, कारण सगळे सुरुवात तिथून करतात. पहिल्या महिन्याला लागते दोरी आणि हाताला बांधायच्या पट्ट्या. पट्टी बांधायला प्रत्येकानं स्वतः शिकायचं, मनगटापासून, बोटांच्या मधून, मुठीच्या हाडांवर तीन-चार थर. मग माऊथगार्ड, प्रत्येकाचा स्वतःचा, तो वाटून घ्यायचा नाही. मग ग्लोव्हज. रिंग शेवटी, दोन वर्षं तर खडूची चालेल. वर्गणी जमली तर पहिला खर्च प्रथमोपचाराच्या पेटीवर करा, आणि भिंतीवर जवळच्या हॉस्पिटलचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहा.

उद्या सकाळी साडेसहाला मागच्या मैदानावर पहिल्या आठवड्याचा सराव करून दाखवतो, मुलींसाठी आठला. येताना दोरी, पाण्याची बाटली आणि एक दोनशे पानी वही आणा. ग्लोव्हज असतील तर घरीच ठेवा.